पहिली मूठ

ताराबाई पार्कातल्या प्रियदर्शनी वहिनीसाहेबांच्या घरात खाणारी माणसं दोन. त्या स्वतः आणि त्यांचे यजमान विजयसिंह. एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीत. तो गणपती-दिवाळीला यायचा आणि दोन्ही वेळा बाहेरून मागवून खायचा. पण महिन्याचा बाजार असा भरला जायचा, की बघणाऱ्याला वाटावं, यांच्याकडं लग्न निघालंय. पहिल्या रविवारी मोठी गाडी काढून दोघं हायवेवरच्या मॉलमध्ये जायची. 'एकावर एक फुकट' अशी पाटी दिसली की वहिनीसाहेबांचा हात आवरत नसे. तूरडाळीची दहा पाकिटं, पोह्यांची आठ, रवा, मैदा, तेलाचे डबे, घरात कुणीच तोंडाला लावत नसलेल्या नाचणीच्या बिस्किटांचा अख्खा खोका. डिकी भरली की मागची सीट, सीट भरली की वहिनीसाहेबांची मांडी. हे सगळं वरच्या मजल्यावरच्या एका बंद खोलीत जायचं. नवं पुढं लावायचं आणि जुनं मागं सरकवायचं, एवढीच त्या खोलीची शिस्त होती. मागं सरकवलेल्या मालाचं काय होतं, हे त्या घरात कुणी विचारत नव्हतं.

ते झुंबरबाईला माहीत होतं. कारण तो माल तिच्याकडं यायचा.

झुंबरबाई मूळची नेसरीची. नवरा गेल्यावर कोल्हापुरात आली आणि खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. त्याला अकरा वर्षं झाली होती. साठ मुलींचा दोन वेळचा स्वयंपाक ती आणि तिच्या हाताखालची दानेश्वरी अशा दोघी ओढत होत्या. झुंबरबाईचा हात असा, की आमटीला फोडणी पडली की वरच्या मजल्यावरच्या पोरी पुस्तकं मिटून जिन्यात येऊन बसायच्या. गल्लीत बारसं असो, डोहाळजेवण असो, पातेल्याशी झुंबरबाईच हवी असा लोकांचा हट्ट असायचा. दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं. शेत नाही, घर नाही, होता तो हात, आणि त्या हाताचा तिला मोठा अभिमान होता.

दरवर्षी फेब्रुवारीत विजयसिंहांच्या वडिलांची, आबासाहेबांची पुण्यतिथी यायची. त्याच्या आठ दिवस आधी बंगल्यातून टेम्पो यायचा. त्यावर कापडी फलक: 'कै. आबासाहेब यांच्या स्मरणार्थ अन्नदान'. मुलींना रांगेत उभं करून फोटो निघायचा. मग टेम्पो रिकामा व्हायचा आणि झुंबरबाईची झोप उडायची. तांदळात जाळी. रव्यात अळ्या. डाळीच्या पाकिटात सोंडे असे फिरायचे, की पाकीट हातात धरलं तरी आत वळवळ कळायची. तारखा केव्हाच्या उलटून गेलेल्या. मग झुंबरबाई आणि दानेश्वरी आठ दिवस गच्चीवर बसायच्या. ऊन दाखवायचं, चाळायचं, पाखडायचं, निवडायचं, जे अगदीच गेलं ते मागच्या खड्ड्यात पुरायचं. पुण्यतिथीच्या दिवशी वसतिगृहातच पंगत बसायची, तेव्हा ताटात मोगऱ्यासारखा भात असायचा, आणि आलेल्या बायका म्हणायच्या, वहिनीसाहेब, तुमचं देणं म्हणजे देणं. वहिनीसाहेब मान झुकवून हसायच्या. हे सगळं पुण्य झुंबरबाईच्या सुपावर उभं होतं, पण सुपाला कोण विचारतो.

जेवणाआधी वहिनीसाहेबांचं भाषण ठरलेलं. विषय एकच, अन्नाची नासाडी. एका वर्षी आजऱ्याकडच्या एका पोरीनं अर्धी भाकरी ताटात ठेवली, तर त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून ती खायला लावली होती. वर म्हणाल्या होत्या, "आम्ही घरी जे खातो, तेच तुम्हाला देतो. दिलेल्याचा मान ठेवायला शिका." दानेश्वरीनं तेव्हा तोंडाला पदर लावून हसू दाबलं होतं. झुंबरबाईला हसू आलं नव्हतं.

गेल्या वर्षी टेम्पोत शेंगदाण्याची दोन पोती आली. झुंबरबाईनं पोतं सोडलं आणि वासानंच तिचं तोंड कडू झालं. दाणे खवट होते, कित्येकांवर हिरवट बुरशी. ती तडक व्यवस्थापक आकाराम सरांकडं गेली. म्हणाली, "सर, ह्ये पोरीस्नी घालायचं न्हाई."

आकाराम सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वहिनीसाहेबांनी खास सांगितलंय, शेंगदाण्याची आमटी करा म्हणून. आबासाहेबांना आवडायची. भाजून घ्या चांगलं. नवीन बाथरूम तेच बांधून देणार हायत, विसरू नका."

तिनं भाजून घेतलं. जेवढं निवडता येईल तेवढं निवडलं, आणि आमटी केली. इथंच ती चुकली होती, आणि हे ती स्वतःला कधी माफ करू शकली नाही. पोतं उकिरड्यावर ओतायला हवं होतं. त्या दिवशी पाहुण्यांनी पुरणपोळी खाल्ली, आमटी पोरींच्या वाट्याला गेली, आणि संध्याकाळपासून एकतीस पोरी ओकायला लागल्या. सरकारी दवाखान्यात दोन-दोन पोरी एका खाटेवर झोपवल्या होत्या. झुंबरबाई तीन दिवस तिथल्या फरशीवर बसून होती.

चौथ्या दिवशी बैठक झाली. वहिनीसाहेब आल्या, पांढरी साडी नेसून. म्हणाल्या, "आमच्या घरातलं सामान आहे ते. आम्ही घरी जे खातो तेच देतो. मग आम्हाला कसं काही झालं नाही? स्वयंपाकघरात स्वच्छता नको का?" आकाराम सरांनी खाली बघितलं. शेंगदाण्याचा श उच्चारला नाही. झुंबरबाईनं बोलायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "झुंबरबाई, हात जोडा आणि विषय संपवा. न्हाईतर काम जाईल." तिनं हात जोडले. पेपरात आलं, स्वयंपाकिणीच्या हलगर्जीपणामुळं मुलींना विषबाधा. नाव छापलं नव्हतं, पण गल्लीत नाव छापावं लागत नाही.

त्यानंतर तिला कुणी बारशाला बोलावलं नाही. तेही तिनं सोसलं असतं. पण तिची लेक क्रांती मुरगूडला दिलेली. तिला मुलगा झाला. बारशाच्या आदल्या दिवशी झुंबरबाई तिथं पोचली, हातपाय धुऊन पदर खोचला आणि चुलीकडं निघाली, तर विहिणीनं दारातच हात आडवा धरला. "ताई, तुमी बसा की वट्यावर. आचारी बोलावलाय." क्रांती आत होती. तिला सगळं ऐकू जात होतं. ती बाहेर आली नाही. झुंबरबाई दिवसभर ओट्यावर बसली आणि नातवाच्या बारशाचा भात परक्या माणसाच्या हातचा खाल्ला. एस.टी.त बसल्यावर तिनं ठरवलं, की वहिनीसाहेबांना त्यांच्याच घरचं खायला घालायचं. रडली नाही. रडण्यात राग वाया जातो असं तिचं मत झालं होतं.

यंदा टेम्पो आला. फोटो निघाला. दानेश्वरीनं सूप-चाळणी काढून गच्चीचा जिना धरला, तशी झुंबरबाईनं तिला हाक मारली.

"दानेश्वरी, ठेव ते खाली. औंदा निवडायचं न्हाई."

"अक्का, तांदळात जाळी हाय बघ." दानेश्वरी निपाणीकडची, मोठ्या बाईला अक्का म्हणायची तिची रीत. "किडं दिसत्यात वरनं."

"दिसू देत. त्या मालाला हात लावायचा न्हाई. पाकीट फोडायचं न्हाई, ऊन दाखवायचं न्हाई. पोरींचा स्वयंपाक आपल्या कोठीतल्या तांदळाचा. मोठ्या पातेल्यात. ह्येचं बारकं पातेलं वेगळं."

दानेश्वरीनं सूप खाली ठेवलं. "काम जाईल, अक्का."

"गेलं तर गेलं. हात तर कवाच गेलाय."

आता आबासाहेबांच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. पुण्यतिथीला त्यांच्या फोटोपुढं पान मांडायचं, त्यात सगळे पदार्थ वाढायचे, आणि मग ते पान घरच्यांनीच वाटून खायचं. पाहुण्याला नाही, गड्याला नाही, गाईलाही नाही. त्यातलं एक शीतही टाकायचं नाही. टाकलं तर गेलेल्या माणसाच्या तोंडातला घास काढून घेतला, असं आबासाहेबांची आई म्हणायची आणि पुढं आबासाहेब म्हणायचे. विजयसिंह बाकी कशात फारसे कडक नव्हते, पण वडिलांच्या बाबतीत भारी कडक होते. अकरा वर्षं झुंबरबाईनं त्या दोघांना ते पान पुसून खाताना बघितलं होतं. तिच्या हातचं होतं, म्हणून पुसून खात होते. गेल्या वर्षीही त्या पानातल्या वाटीपुरती आमटी तिनं एकेक दाणा पारखून वेगळी केली होती, म्हणून त्या दोघांना काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आकाराम सरांकडं गेली. पदर डोक्यावर घेऊन, आवाज मऊ करून म्हणाली, "सर, गेल्या साली लई बोभाटा झाला. औंदा वहिनीसाहेबांच्याच हातनं पहिली मूठ घालूया का पातेल्यात? त्येंनी पाकीट फोडायचं, त्येंनी तांदूळ घालायचा. फोटू निघंल. लोकास्नी बी कळंल, माल कुणाचा हाय ते."

आकाराम सरांना फोटोचं भारी वेड. त्यांनी लगेच फोन लावला. पलीकडून वहिनीसाहेबांचा आनंद झुंबरबाईला दारातूनही ऐकू आला. त्यांनी महिला मंडळाच्या पाच मैत्रिणींनाही बोलावलं. पेपरवाल्याला तर बोलावलंच.

पुण्यतिथीच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात रांगोळी काढली होती. वहिनीसाहेब जरीकाठी साडीत आल्या, मागं विजयसिंह, मागं मंडळाच्या बायका. झुंबरबाईनं बारकं पातेलं पुढं ठेवलं, बाजूला तांदूळ, डाळ आणि रव्याची बंद पाकिटं. कात्री हातात दिली. पेपरवाला म्हणाला, "वहिनीसाहेब, इकडं बघा." वहिनीसाहेबांनी इकडं बघितलं. पाकीट कापताना इकडंच बघत होत्या, मूठ भरताना इकडंच बघत होत्या. तांदूळ पातेल्यात पडला, तेव्हा एक सोंडा त्यांच्या मनगटावर चढला आणि बांगडीकडं निघाला. त्यांनी खाली नजर टाकली. तो किडा त्यांनी बघितला. दुसऱ्या हाताच्या बोटानं टिचकी मारून उडवला, आणि परत पेपरवाल्याच्या मोबाईलकडं बघून हसल्या.

झुंबरबाईला ते दिसलं. तोवर तिच्या मनात कुठंतरी एक शंका होती, की कदाचित या बाईला ठाऊकच नसेल, मोठ्या घरात असतं असं. ती शंका गेली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण ती नुसतं म्हणाली, "अजून दोन मुठी, वहिनीसाहेब. म्हंजे पुरंल."

पुढचं काम सोपं होतं. तिनं तांदूळ धुतला नाही, कारण धुतला असता तर किडे वर तरंगून आले असते. डाळ जशी होती तशी शिजवली. रवा त्यांच्याच डब्यातल्या खवट तुपात भाजला. तिच्या उभ्या जन्मात तिनं एवढा वाईट स्वयंपाक केला नव्हता. अकरा वर्षं जे चाळून, पाखडून झाकलं होतं, ते तिनं यंदा झाकलं नाही, एवढंच केलं. दानेश्वरी शेजारी मोठ्या पातेल्यात पोरींचा भात शिजवत होती आणि मधून मधून तिच्याकडं बघून ओठ चावत होती.

दुपारी पंगत बसली. आबासाहेबांच्या फोटोला हार, पुढं उदबत्ती, पुढं पान. विजयसिंहांनी डोळे मिटून हात जोडले. ते उघडले तेव्हा ओले होते. मग त्या पानातलं अर्धं त्यांच्या ताटात आलं, अर्धं वहिनीसाहेबांच्या. समोर मंडळाच्या बायका आणि पेपरवाला, पलीकडं साठ पोरी. वहिनीसाहेबांचं नासाडीवरचं भाषण नुकतंच संपलं होतं. शेवटचं वाक्य तेच होतं, आम्ही घरी जे खातो तेच.

विजयसिंहांनी घास घेतला. चावता चावता थांबले. मग ताटात बोट फिरवलं. भातात काळे ठिपके होते, आणि बारीक पांढऱ्या अळ्या, शिताच्याच रंगाच्या.

"भातात किडे आहेत," ते म्हणाले.

वहिनीसाहेबांनी ताट मागं सारलं. तयारीच असल्यासारख्या वळल्या. "आकाराम सर, या बाईला अजून ठेवलंच कसं तुम्ही? गेल्या वर्षी पोरी मरता मरता वाचल्या. हिला स्वच्छता म्हणून माहीत नाही."

झुंबरबाई पातेलं आणि पळी घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. ती हलली नाही.

"वहिनीसाहेब, पाकीट तुमी फोडलासा. मूठ तुमी घातलासा. फोटू हाय की. मी नुसतं पाणी घातलं आन् जाळ केला."

पेपरवाल्यानं मोबाईल काढून सकाळचे फोटो बघायला सुरुवात केली. मंडळातल्या एका बाईनं स्वतःच्या ताटातला भात चिवडून बघितला. "आमच्यात तर काही नाही," ती म्हणाली.

"त्यो हास्टेलच्या कोठीतला, ताई. आमी दोघींनी निवडलाय. ह्यो वहिनीसाहेबांच्या घरातला. घरी खातो तेच देतो म्हणत्यात न्हवं? म्हणून औंदा निवडला न्हाई. अकरा वर्षं निवडत हुते."

पेपरवाल्यानं मोबाईल शेजारणीकडं सरकवला. फोटोत मूठ होती, पाकीट होतं, आणि पाकिटावरची दोन वर्षांपूर्वीची तारीखही होती. मोबाईल एकीकडून दुसरीकडं जात राहिला. वहिनीसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्यांनी उठायला हात टेकला.

"बस," विजयसिंह म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "आबांचं पान आहे. टाकायचं नाही."

"अहो, किडे आहेत त्यात."

"तू घातलेस."

आणि त्यांनी खायला सुरुवात केली. ताटाकडं न बघता, बापाच्या फोटोकडं बघत, एकेक घास गिळत. त्या माणसाबद्दल झुंबरबाईला क्षणभर वाईट वाटलं, तेवढंच. वहिनीसाहेबांनी इकडं तिकडं बघितलं. साठ पोरी बघत होत्या. त्यांत ती अर्धी भाकरी खाल्लेली पोरही होती. आता ती बारावीला होती. वहिनीसाहेबांनी घास उचलला. तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी आलं. झुंबरबाईनं वाट बघितली, आता आपल्याला दया येईल म्हणून. आली नाही. मुरगूडच्या ओट्यावर तीही अशीच गिळत होती, आणि तिथं कुणाला आली नव्हती.

"आन् गेल्या सालचं शेंगदाणं?" तिनं विचारलं.

"झुंबरबाई, पुरे आता," आकाराम सर मागून कुजबुजले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "बाथरूम जाईल. मी पाया पडतो."

"तुमी गप ऱ्हावा, सर. तुमास्नी दाखवलं हुतं मी पोतं."

विजयसिंहांनी मान वर केली. "आमचेच होते शेंगदाणे. पोत्याला वास येत होता. मला माहीत होतं."

"तुमी न्हाई, सायेब. वहिनीसाहेबांनी सांगू दे. त्या दिवशी बोलल्या त्या बोलल्या."

वहिनीसाहेब ताटात बघून काहीतरी पुटपुटल्या.

"पोरीस्नी ऐकू गेलं न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "मला लेकीच्या दारात चुलीकडं जाऊ दिलं न्हाई, वहिनीसाहेब. माझ्या नातवाच्या बारशाला. तवा जरा मोठ्यानं."

पेपरवाल्यानं मोबाईल समोर धरला होता. वहिनीसाहेबांनी तो बघितला. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"शेंगदाणे खराब होते," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "आमच्या घरचे होते. हिची काही चूक नव्हती."

मागं दानेश्वरीला हुंदका आला. पोरींपैकी कुणीतरी खाली वाकून जेवायला लागली, मग सगळ्या जेवायला लागल्या. विजयसिंहांचं ताट रिकामं झालं होतं. वहिनीसाहेबांचंही जवळजवळ संपत आलं होतं; शेवटचे चार घास त्यांनी न चावता गिळले. झालं, आता सुटलो, अशा नजरेनं त्यांनी वर बघितलं.

झुंबरबाईला पाहिजे होतं ते मिळालं होतं. सगळ्यांसमोर मिळालं होतं, मोबाईलात मिळालं होतं. उद्या मुरगूडला पोचणार होतं. तिनं पातेल्यात बघितलं. तळाशी भात होता.

"आबासाहेबांच्या पानातला हाय ह्योबी," ती म्हणाली. "पहिल्या मुठीतला."

वहिनीसाहेबांनी ताटावर आडवा हात धरला. झुंबरबाई पळी भरून तशीच वाकून राहिली. घाई नव्हती. तो हात बाजूला होईपर्यंत ती थांबली, आणि मग तिनं वाढलं.